पत्रा ठोकायचा की बदलायचा?

वेळणेश्वरात नारळाखाली गाडी उभी करू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी यंदा आम्ही ती केलीच. रात्री बोनेटवर नारळ आदळला. दोन दिवसांनी अम्मींना चिपळूणच्या डॉक्टरांकडे न्यायच्या घाईत डावी बाजू जांभ्याच्या गडग्याला घासली. पुढचे मडगार्ड दुमडले आणि मागच्या चाकावरचा पत्रा आत गेला.

गाडी मारुती ८००, २००८ ची. भाईजान कुवेतहून पहिल्या सुट्टीला आले तेव्हा घेतलेली. कंपनीने हे मॉडेल २०१४ मध्ये बंद केले. ओळखीच्या एका मास्तरांनी ती विकत घ्यायचे बोलून ठेवले होते आणि त्या पैशांतून धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती. पोचे काढणे भागच होते.

डेंटर चाचांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग समजावले की गाडीचे पत्रे दोन जातींचे. बोनेट, दरवाजे आणि पुढची मडगार्डे नटबोल्टवर बसतात. खोलून दुसरी लावता येतात. छप्पर, मागच्या चाकावरचा पत्रा आणि दरवाजाखालची पट्टी सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेली असते. ती बदलायची म्हणजे कापाकापी आली. म्हणून हिशेब साधा. बोल्टवरचा पत्रा दुमडला किंवा फाटला, तर भंगारातून त्याच मॉडेलचा चांगला पत्रा आणून लावावा. वेल्डिंगचा पत्रा शक्य तोवर ठोकून सरळ करावा. बोनेटचा खड्डा उथळ होता, रंग फुटला नव्हता. तो आतून हळूहळू दाबून वर आणला.

ठोकण्यातही हात लागतो. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. जोरात ठोकला की ताणतो आणि मग डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर वाजत राहतो. पाठीमागे लोखंडी ठोकळा धरून, कडेकडून मध्याकडे, हलके ठोके द्यायचे.

असे ठोके देतानाच मागच्या पत्र्यावरची रंगाची पापडी उडाली आणि खाली गंजाची चाळण निघाली. हा खाऱ्या वाऱ्याचा प्रताप. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे गंज थांबत नाही. दरवाजांच्या तळाची पाणी जायची भोकेही पाल्याने आणि वाळूने बुजली होती. पत्रा आतून सडत होता, वरून रंग चकचकीत.

आता घरात दोन मते पडली. आमच्यातल्या काहींना वाटले, लांबी भरावी, रंग मारावा आणि गाडी देऊन टाकावी. पण लांबी ही सरळ झालेल्या पत्र्यावरची दोन-तीन मिलिमीटरची उंचसखल भरण्यासाठी असते. गंजाच्या भोकावर थापली तर ओल धरते, फुगते आणि सुटते. तोवर गाडी मास्तरांच्या दारात गेलेली असती.

अब्बा ओटीवर बसून ऐकत होते. त्यांनी धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याला आपल्यातून वेगळे काढले. अब्बा एवढेच म्हणाले, “आपल्या गाडीत ओले धान्य खाली आहे.” पुढे कोणी वाद घातला नाही.

सीट आणि चटई काढून, बॅटरीची वायर सोडवून चाचांनी सडका तुकडा कापला, नवा पत्रा वेल्ड केला आणि आतून-बाहेरून प्रायमर मारला. मास्तरांना बोलावून जोड दाखवला. किंमत खाली आली. फीची उरलेली रक्कम दोन महिन्यांनी भरू द्यावी, असा अर्ज आम्ही कॉलेजला दिला आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणि ठेवणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कापडात गुंडाळलेले छोटे चुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते नीट धरत नाही, तिथे खाली जाड लांबी असू शकते. किनाऱ्यावरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने, खालूनही धुवावी आणि दरवाजांची भोके काडीने मोकळी ठेवावीत. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकावा. विमा केवळ थर्ड पार्टी असेल, तर आपल्या गाडीच्या पोच्याचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर साधारणपणे निम्मी घट धरतात.

आणि हो, गाडी नारळाखाली लावू नये.