श्येनाचा युक्तिवाद

महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाचे आख्यान आले आहे. श्येनाच्या भयाने व्याकुळ झालेला कपोत राजाला शरण येतो आणि राजा त्याला अभय देतो. श्येनाच्या रूपात इंद्र आहे व कपोताच्या रूपात अग्नी. परंपरेने या कथेतून जपून ठेवली ती राजाने तुळेत घातलेल्या स्वमांसाची आठवण. श्येनाचा युक्तिवाद मात्र मागे पडला. आपण उपाशी मेलो तर आपली बायकोमुलेही जगणार नाहीत, एका जीवाच्या रक्षणापायी अनेक जीवांचा घात होईल, असे तो राजाला बजावतो. हिंस्र पक्ष्यालाही घरटे असते, ही गोष्ट आख्यानकाराने त्या पक्ष्याच्याच मुखाने सांगितली आहे.

मराठी भाषेतही ही द्विधा दृष्टी आढळते. 'घारीची नजर' या शब्दप्रयोगात भक्ष्य हेरणारी क्रूरता आहे. उलट संत जनाबाईंच्या अभंगात तीच घार वात्सल्याची उपमा होऊन येते. दूर आकाशात असतानाही तिचे लक्ष घरट्यातील पिलांकडे असते. कवयित्रीने मनाने जाणलेले हे सत्य डोळ्यांना दाखविण्याचे श्रेय विसाव्या शतकातील छायाचित्रकलेला द्यावे लागेल.

ते श्रेय लहान नव्हे. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी 1920 नंतरच्या दशकात ओहायो राज्यातील व्हर्मिलियन येथे, पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या घरट्याजवळ उंच मनोरा उभारून निरीक्षणे केली व छायाचित्रे घेतली. 1934 साली त्यांचा गरुडावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अणकुचीदार चोचीने मांसाचे बारीक तुकडे काढून ते पिलाच्या तोंडात अलगद भरविणारी मादी अशा प्रयत्नांमुळेच जगाला दिसली. झिम्बाब्वेच्या माटोबो टेकड्यांत व्हॅलेरी गार्गेट यांनी काळ्या गरुडांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथे थोरले पिलू धाकट्याला चोचीने टोचून टोचून मारते आणि आईबाप मध्ये पडत नाहीत, असे दिसून आले. घरटे म्हणजे केवळ वात्सल्याचे मंदिर ही भाबडी कल्पनाही येथे ढासळते. साहित्याला असे ज्ञान नाकारून चालणार नाही.

तथापि या चित्रांची किंमत कोण देतो, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडचे विख्यात पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. 1937 साली वेल्समध्ये टॉनी जातीच्या घुबडाचे घरटे चित्रित करीत असताना, रात्रीच्या अंधारात त्या घुबडाने त्यांच्या चेहऱ्यावर झेप घेतली व त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. पुढेही त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. ही कथा धैर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि त्यांचे धैर्य निःसंशय मोठे होते. पण ती सांगताना घुबडाची बाजू क्वचितच मांडली जाते. त्या रात्री घुबडाच्या दृष्टीने पिलांवर चालून आलेला शत्रू कोण होता, हे सांगण्यास त्याला वनपर्वातील श्येनाची वाणी लाभली नव्हती, इतकेच.

एरवी माणूस दिसताच उडून जाणारा शिकारी पक्षी विणीच्या हंगामात पुनःपुन्हा त्याच फांदीवर परततो, याचे कारण त्याची पिले तेथे असतात. छायाचित्रकार लपणात बसून नेमकी याच क्षणाची वाट पाहतो. म्हणजे ज्या वात्सल्याचे चित्र त्याला हवे असते, तेच वात्सल्य तो आमिष म्हणून वापरतो. दृश्य मोकळे व्हावे म्हणून आडव्या फांद्या तोडल्या, तर पिले उन्हात होरपळतात आणि कावळ्यांच्या नजरेस पडतात. भेदरलेली मादी फार वेळ दूर राहिली, तर अंडी थंड पडतात. छायाचित्रात मात्र यांतले काहीच दिसत नाही. तेथे दिसते ती केवळ भरविणारी आई.

भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली, तीत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विचलित करण्याचाही समावेश आहे. शब्दार्थाचा विचार करणाऱ्यांनी या व्याख्येकडे विशेष लक्ष द्यावे. बंदूक टाकून कॅमेरा हाती घेतला की माणूस शिकारी उरत नाही, असा एक सोयीस्कर समज रूढ झाला आहे. कायद्याने तो मान्य केलेला नाही. ब्रिटनमध्येही 1981 च्या कायद्यानुसार विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्याजवळ जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा आहे.

यावर असे म्हटले जाईल की, चित्रे नसती तर या पक्ष्यांविषयी लोकांना ममत्व वाटले नसते, आणि ममत्वावाचून संरक्षण नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते पहिल्या चित्राला जितके लागू पडते, तितके हजाराव्या चित्राला पडत नाही. हेरिक वा गार्गेट यांनी वर्षानुवर्षे खपून नवे ज्ञान दिले. त्यांनी दाखविलेलेच दृश्य केवळ हौसेखातर पुन्हा टिपणारा नवे काय देतो? अभ्यासाची खरी गरज असेल तेथे वीण सुरू होण्यापूर्वीच बसविलेला, दुरून चालणारा कॅमेरा आज उपलब्ध आहे. उरलेल्यांनी घरट्यापासून दूर राहावे, आणि संपादकांनी अशी चित्रे छापण्यापूर्वी ती कशी मिळविली हे विचारावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हस्तलिखित हाती आले की ते कोठून आले, कोणी उतरले, काय गाळले, हे अभ्यासक प्रथम विचारतो. छायाचित्र हाही एक पाठच होय, आणि त्यालाही तीच चिकित्सा लावली पाहिजे. उशीनराने श्येनाचे म्हणणे निदान पूर्ण ऐकून घेतले, मग तुळा मागविली. घरट्याच्या चित्रापुढे थबकणाऱ्या रसिकाने तेवढे जरी केले, तरी जनाबाईंच्या घारीला आकाशात निश्चिंतपणे हिंडता येईल.