खुराक आणि वसतिगृह : खेळाडूला मिळणाऱ्या मदतीचा इतिहास

१/ वरूडच्या संत्राबागेत मजुरी करणाऱ्या घरातील मुलगी शालेय स्पर्धेत पहिली येते. शहरातील एखादी खासगी शाळा फी माफ करण्याचा आणि राहण्या-जेवणाचा शब्द देते. घर हरखून जाते. परंतु दोन वर्षांनी तिचा गुडघा दुखावला, तर तो शब्द टिकतो काय? हा प्रश्न आजचा वाटला, तरी त्याची मुळे जुनी आहेत.

२/ राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात दोन दारे उघडली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यापाठोपाठ विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दुसरीकडे तालमींना आणि मल्लांना राजाश्रय मिळाला. १९१२ मध्ये खासबाग मैदान सज्ज झाले. वसतिगृहात विद्यार्थी घडत, तालमीत मल्ल. एकाला शिक्षण मिळे, दुसऱ्याला खुराक.

३/ कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव या दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालले. ते राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि मल्लही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र पैसे अपुरे पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

४/ ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि तो मान तिला शोभतो. तरीही तिच्यात एक आरोप दडलेला आहे. ज्या व्यवस्थेत खेळाडूचे भवितव्य एका प्राचार्याच्या घरावर अवलंबून राहते, तिला व्यवस्था म्हणता येत नाही. खर्डेकर प्रत्येक गावाला लाभत नाहीत.

५/ वऱ्हाडने निराळी वाट दाखवली. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. परंतु मंडळाचे मोठे कार्य आखाड्यापलीकडचे आहे. पुढे तेथे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे राहिले. स्पर्धेचे दिवस सरले, तरी शिक्षक होण्याचा मार्ग खुला राहिला.

६/ खासगी शाळा म्हणतील की पैसा मर्यादित आहे, आणि खेळासाठी दिलेली मदत खेळ थांबल्यावर कशी चालू ठेवावी? हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु शाळा म्हणजे तालीम नव्हे. मुलीला घरापासून दूर आणताना शाळेने केवळ तिचे पाय मागितलेले नसतात. तिची शिकण्याची वर्षेही घेतलेली असतात. त्या वर्षांचे उत्तरदायित्व दुखापतीने संपत नाही.

७/ म्हणून मदतीचा शब्द तोंडी नसावा. दहावी किंवा बारावीपर्यंत, खेळ सुटला तरी, शिक्षण चालू राहील, हे कागदावर हवे. शाळेला ते परवडत नसेल, तर तिने दहाऐवजी पाचच मुले निवडावीत, पण त्यांना शेवटपर्यंत सांभाळावे. शाहू महाराजांची ती दोन दारे एका अंगणात आणणे, हेच पुढच्या पिढीचे काम आहे.