किल्ली मुंबईला, बुरशी लोणावळ्याला

दिवाळीच्या सुटीत लोणावळा-खंडाळ्याचे बंगले उघडू लागतात. पावसाच्या तोंडावर लावलेली कुलपे निघतात, फुगलेली दारे खांद्याने ढकलावी लागतात, आणि कपाट उघडताच कुबट वासाचा लोट अंगावर येतो. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट ठिपके, आणि मधल्या खणातल्या मखमलीच्या पेटीत वडिलांचा किंवा आजोबांचा तो तपकिरी पाइप. त्याच्या वाटीत जणू कोणी कापूस पिंजून भरला आहे! मग घरात एकच ओरड होते, "इथे कोणाचे लक्ष म्हणून नाही!" ही ओरड ज्याच्या अंगावर जाते तो बंगल्याचा रखवालदार असतो, नाहीतर झाडलोट करणारी त्याची बायको. दोघेही मावळातले. दोघेही खाली मान घालून उभे राहतात, आणि त्या वर्षीची दिवाळीची पोस्त थोडी आखूड होते.

या ओरडीविरुद्ध मला लिहायचे आहे. मावळात पाइप बिघडतो तो दुर्लक्षामुळे नव्हे, तर चुकीच्या रीतीने लक्ष दिल्यामुळे. आणि ही चूक रखवालदाराची नसून पुस्तकातला नियम जसाच्या तसा उचलणाऱ्या मालकाची असते, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मी तंबाखूची वकिली करायला बसलेलो नाही. चिलीम असो, विडी असो की विलायती पाइप असो, तंबाखूचा धूर तोंडाच्या, घशाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाला आमंत्रण देतो, याविषयी आता शंका उरलेली नाही. घरातल्या मुलांनी आजोबांचा पाइप जपावा, ओढू नये. पण जपायचा म्हटले तरी तो वाळवता आला पाहिजे. आणि जे कोणी अजूनही ओढतात, त्यांनी निदान बुरशीचा धूर तरी छातीत घेऊ नये.

आता तो नियम काय आहे ते पाहू. पाइपाविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत सांगितलेले असते की पाइप एकदा ओढला की त्याला निदान एक दिवस विश्रांती द्यावी. विलायतेतले कारागीर सात पाइपांचा संच पेटीत घालून विकत आले आहेत. सोमवारचा पाइप पुन्हा सोमवारीच हाती यायचा. या नियमामागे कारण आहे. तंबाखूत मुळात ओलावा असतो, आणि ती जळतानाही पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ नळीत थंड होऊन पाणी होते, वाटीच्या लाकडात मुरते. ते पाणी निघून जाईपर्यंत पाइप बाजूला ठेवायचा, याचे नाव विश्रांती.

पण हे पाणी विश्रांतीने जात नाही. ते कोरड्या हवेने जाते. इंग्रजांच्या देशात पाऊस कमी पडतो असे नाही. पण तिथे घरात शेकोटी असते, अलीकडे तापवलेल्या पाण्याचे नळ भिंतीभिंतीतून फिरतात, आणि त्या उबेने घरातली हवा कोरडी होते. शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेला पाइप एका दिवसात वाळतो, तो त्या फळीखालच्या विस्तवामुळे. नियम लिहिणाऱ्याने विस्तवाचा उल्लेख केला नाही, कारण तो त्याच्या रोजच्या डोळ्यांपुढे होता. आपण नियम घेतला आणि विस्तव तिकडेच राहिला!

लोणावळ्याचा पावसाळा आठवून पाहा. इथे वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आगगाडीने अवघ्या ६४ किलोमीटरांवर असलेल्या पुण्यात तोच आकडा सातशेच्या आसपास येतो. जिल्हा एकच, पण पुण्याच्या पेठेत दोन दिवसांत वाळणारा पाइप लोणावळ्यात दोन आठवड्यांतही वाळत नाही. जुलैमध्ये ढग खिडकीतून आत येतात ही कवीची अतिशयोक्ती नव्हे. गादी ओली लागते, आगपेटीची काडी गुलाशिवाय नुसतीच घासली जाते, आणि मिठाच्या सटात पाणी सुटते.

लाकूड हे भोवतालच्या हवेइतकेच कोरडे होऊ शकते, त्याहून अधिक नाही. हवेची आर्द्रता शेकडा ६५ असेल तर लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या शेकडा १२ इतके पाणी राहते. तीच आर्द्रता ९० झाली की पाणी २० वर जाऊन बसते. तुम्ही पाइपाला एक दिवस विश्रांती द्या की एक महिना द्या, हवा बदलली नाही तर हा आकडा खाली येणार नाही. उलट, आर्द्रता शेकडा ७०-८० च्या वर टिकली की बुरशी धरू लागते. अशा हवेत बंद कपाटात मिळणारी विश्रांती पाइपापेक्षा बुरशीच्याच कामी येते.

यावर शहाणी मंडळी चार उपाय सुचवतात. ते एकेक करून तपासू.

पहिला उपाय पंख्याचा. पंखा हवा हलवतो, ती कोरडी करीत नाही. पाण्याने भरलेल्या हवेचा झोत दिवसभर मारला तरी पाइप तिच्याइतकाच ओला राहणार.

दुसरा उपाय मिठाचा. वाटीत मीठ भरून त्यावर मद्यार्क सोडावा, रात्रीतून ते कीट आणि ओल शोषून घेते, असे पुस्तकात असते. पण हवेची आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. लोणावळ्यात जुलैच्या रात्री हा प्रयोग करणारा माणूस सकाळी पाइपात खारे पाणी भरलेले पाहतो. शिवाय लाकडात मुरलेले मीठ पुढे त्याला तडे पाडते ते वेगळेच.

तिसरा उपाय उन्हाचा. श्रावणात घटकाभर ऊन पडले की पाइप गच्चीवर नेऊन ठेवायचा. घटकाभराच्या उन्हाने लाकडाचे पोट वाळत नाही. पण तोंडात धरायची काळी तोटी मात्र खराब होते. जुन्या पाइपांची तोटी बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. ऊन आणि ओल मिळून तिचा काळा रंग हिरवट-तपकिरी करतात, आणि तिला गंधकाची कडवट चव येते.

चौथा उपाय हवाबंद डब्याचा, आणि हाच सर्वांत फसवा. या बाबतीत मी पुरुषमंडळींना विनंती करीन की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारावे. चिवडा कढईतून काढून गरम गरम डब्यात भरला तर काय होते? आतल्या आत वाफ धरते आणि सकाळपर्यंत सगळा चिवडा सादळतो. म्हणून तो आधी पसरून निववतात, पोहे कुरकुरीत आहेत ना हे दाताखाली पाहतात, आणि मगच झाकण लावतात. डबा कोरडेपणा निर्माण करीत नाही, असलेला कोरडेपणा टिकवतो. हे ज्ञान आपल्या घराघरांत आहे. पण तोच माणूस, जो सादळलेला चिवडा पाहून नाक मुरडतो, ओला पाइप मखमलीच्या पेटीत घालतो, पेटी कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली मुंबईला घेऊन जातो!

मग करावे काय? उत्तर बंगल्याच्या मागच्या अंगाला, रखवालदाराच्या खोलीत आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, कुठल्याही खोऱ्यातले जुने घर आठवा. बाहेर भातखाचरे तुडुंब, अंगणात चिखल, आणि आत चुलीच्या वरच्या अंगाला सगळी कोरडी सृष्टी टांगलेली! बियाण्याची कणसे तिथे, लसणाच्या जुड्या तिथे, भिजलेली घोंगडी तिथे, मिठाचे मडके चुलीच्या कडेला. इथल्या बाईला आर्द्रतेचे कोष्टक ठाऊक नसेल, पण उबेशिवाय काही वाळत नाही हे तिला पक्के ठाऊक असते. चिलीम ओढणारा गडीही चिलीम झटकून, तिची छापी सोडून, ती विस्तवाच्या कडेला पालथी घालीत असे. तिला तो कधी पेटीत कोंडत नसे. विशेष म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्लंडातही खानावळींतले मातीचे पाइप लोखंडी चौकटीत रचून भट्टीत भाजून साफ करीत. म्हणजे विस्तवाचे महत्त्व तिथेही जाणत होते. पुढच्या पुस्तकांतून तेवढे गळले.

चुलीची ही युक्ती शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. लोणावळ्याची पावसाळी हवा २३ अंशांची आणि ९५ टक्के आर्द्रतेची धरा. ती ३३ अंशांपर्यंत तापवली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण तिची आणखी पाणी धरण्याची शक्ती वाढते आणि आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास उतरते. दहा अंशांची ऊब मिळाली की मावळातच पुण्याची हवा तयार होते!

म्हणून सांगतो ते असे. पाइप पूर्ण निवल्याशिवाय तोटी काढू नका. गरम असताना पिळली तर सांधा सैल होतो किंवा मोडतो. निवल्यावर तोटी काढून नळीतून केसाळ तार फिरवा, ती कोरडी निघेपर्यंत. वाटीतली राख काढा. आतला काजळीचा थर दीड मिलिमीटरपेक्षा जाड होऊ देऊ नका. थर फार जाड झाला की वाटी तडकू शकते. तोटी अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. वाटी मात्र उबेला हवी. धुरात नको, उबेत. आपला हात जिथे सुखाने राहील तितकीच ऊब पुरे. पाइपाचे लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ असते. कारागीर ती तासन्‌तास उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. ज्या लाकडाला घडवताना इतका धीर धरला, त्याला आपण एका रात्रीत भाजून काढू नये.

चुली आता बऱ्याच घरांतून गेल्या आहेत, हे मी जाणतो. पूर्वी कपाटात एक छोटा बल्ब जळत ठेवीत. त्याच्या उबेने कपडे आणि कॅमेरे वाचत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळपास देत नाहीत. त्यामुळे 'दिवा तर लावला होता' ही सबब आता चालत नाही. कपाटासाठी मिळणारी लहान विजेची तापकांडी लावावी, किंवा ओल शोषणारे यंत्र. पाइप पुरता वाळला की मगच बरणीत घालून सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. निळे खडे गुलाबी झाले की पुडीचे काम संपले असे समजून खडे तापवून पुन्हा वापरावे. आणि सर्वांत चांगले म्हणजे मे महिन्यात, मृग लागण्याआधी, पाइप कडकडीत वाळवून बरणीत बंद करावा आणि दिवाळीपर्यंत त्याला हातच लावू नये. अशी विश्रांती खरी. ती वाळण्याच्या नंतर येते, वाळण्याच्या ऐवजी नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पाइपासाठी इतके शब्द कशाला? पाइप लहान आहे, हे मान्य. पण जो न्याय पाइपाला तोच हार्मोनियमच्या भात्याला, दुर्बिणीच्या काचेला, आजीच्या पोथीला आणि पैठणीला. आणि न्यायाचा दुसरा प्रश्न माणसाचा आहे. माझ्या पाहण्यातल्या एका बंगल्यात मालकांनी रागाने विचारले, "मावशी, चार महिने तुम्ही इथे होतात, पाइपाला बुरशी लागलीच कशी?" मावशी हळूच म्हणाल्या, "साहेब, कपाटाची किल्ली तुमच्यासंगं मुंबईला व्हती." मालक गप्प झाले खरे, पण पोस्तीतून कापायचे ते त्यांनी कापलेच. ज्याच्या हाती किल्ली नाही त्याच्या माथी जबाबदारी, हा कुठला हिशोब?

मावशींच्या घरात त्या चार महिन्यांत भाताचे बियाणे वाळले, मुलांची दप्तरे वाळली, घोंगड्या वाळल्या. त्यांच्या हाती पाइप दिला असता तर तोही वाळला असता. बंगलेवाल्यांनो, पुढच्या मृगाआधी जाताना दोन गोष्टी करा. कपाटाची किल्ली लोणावळ्यालाच ठेवा, आणि काय वाळवायचे ते नीट सांगून त्या कामाचा मोबदला ठरवून द्या. एवढा विश्वास बसत नसेल तर पाइप खुशाल आपल्याबरोबर न्या. आणि यंदा कपाट उघडून बुरशी दिसली असेल तर ती स्वतःच्या हाताने पुसा, आणि पोस्त मात्र पुरी द्या.