गेरूच्या खुणा

ज्या वाचकांच्या देवघरांत अद्यापि एखादी हस्तलिखित पोथी असेल त्यांनीं ती एकवार उघडून पाहावी. मजकूर काळ्या शाईचा. परंतु ‘उवाच’ या शब्दावर, श्लोकांकावर, अध्यायाच्या समाप्तीवर गेरूचा हात फिरविलेला दिसेल. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. मूळ संहितेंत एक अक्षर न वाढवितां नक्कल करणाऱ्यानें सांगून ठेविलें कीं, येथें वक्ता बदलला, येथें अध्याय संपला.

हें आठवण्याचें कारण आमचा कुलवृत्तान्त. घराण्याची एक शाखा पेणेस, दुसरी रोह्यास. वीसेक वर्षांपूर्वीं आम्हीं सारा मजकूर एका दुकानांत संगणकावर उतरवून घेतला, पुस्तक छापलें, आणि सीडी कपाटांत ठेवून निश्चिंत झालों. गेल्या चैत्रांत ती उघडून पाहतों तों पूर्वजांच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी! मजकूर युनिकोडमध्यें नव्हता, आणि दुकानानें वापरलेला टंक कोणता हें कोणासच सांगतां येईना.

पुतण्यानें छापील प्रतीवरून तो पुन्हां उतरविण्याचें पत्करलें, पण निराळ्या रीतीनें. १९९८ सालीं प्रमाण ठरलेली एक्सएमएल नांवाची खुणांची पद्धति आहे. नांवापूर्वीं टोकदार कंसांत ‘नांव’ असें लिहावयाचें, आणि तें संपलें कीं तोच शब्द तिरक्या रेघेसह पुन्हां कंसांत. तसेंच जन्म, गांव, माहेर. खुणा देवनागरींतही चालतात. हा गेरूच नव्हे काय? लिहिण्यास त्यानें १९८५ पासून चालत आलेलें इमॅक्स घेतलें, तपासण्यास एक्सएमएललिंट. दोन्हीं विनामूल्य, शिवाय त्यांची घडण कोणासही पाहतां, सुधारतां, दुसऱ्यास देतां येते. पैसे वांचले याचें आम्हांस विशेष नाहीं. ही फाइल कोणत्याही साध्या संपादकांत उघडते, कोणा दुकानाच्या टंकावर अडत नाहीं, हें खरें. एक खूण मिटवावयाची राहिली तर तपासनीस ओळीचा क्रमांक सांगून अडून बसतो. आम्हीं जन्मभर वह्या तपासल्या, पण इतके कडक आम्हीही नव्हतों.

खूण सांगितली कीं त्याच तपासनिसाकडून हवी ती यादी काढतां येते. ‘जिल्हा’ म्हटलें तों पेण दोन जिल्ह्यांत निघालें, कांहीं जन्म कुलाब्यांत आणि कांहीं रायगडांत! जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं बदललें, हें यंत्रास कोण सांगणार? आम्ही पोट धरून हंसलों.

पुढची यादी हंसण्याजोगी नव्हती. ‘माहेर’ ही खूण जेथें रिकामी तीं नांवें काढ, असें पुतण्यास सहज म्हटलें, तों ओळी सरेचनात. पुस्तकाचीं मुद्रितें आम्हीं स्वतः तीनदां तपासलीं होतीं. पुरुषांची मुंज, शिक्षण, नोकरी सर्व चोख. घरांत आलेल्या स्त्रिया कोठून आल्या, माहेरीं त्यांस काय म्हणत, याचा पत्ता नाहीं. आमच्या आजीचीही ओळ त्यांत होती.

रोह्यास आमच्या थोरल्या आत्याबाई आहेत; वय ब्याण्णव. त्याच रविवारीं पुतण्यास घेऊन गाडीनें गेलों. “इतक्या वर्षांनीं आठवण झाली होय रे?” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि मग दुपारभर सांगत राहिल्या. आजीचें माहेरचें नांव यमुना. पुतण्यानें तें रिकाम्या खुणांमध्यें भरलें. दिवेलागणीपर्यंत अकरा ओळी झाल्या. आत्याबाई थकल्या, म्हणून उठलों. येत्या रविवारीं पुन्हां जावयाचें आहे.