गणितातील एकलव्य आणि वर्गातील फळा

गणित वर्गात बसून शिकावे की एकट्याने, हा वाद जुनाच आहे. पदवीपर्यंतची व्याख्याने मोबाईलवर फुकट ऐकावयास मिळू लागल्यापासून त्याला नवी धार आली आहे. ज्याला शिकावयाचे तो घरी शिकेल. मग वर्ग, फळा आणि हजेरीपट हवेत कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. अशा वेळी श्रीनिवास रामानुजन यांचे नाव हटकून पुढे केले जाते. महाविद्यालयात जो नापास झाला तोच जगन्मान्य गणिती ठरला, एवढे म्हटले की वाद संपला असे समजण्यात येते. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा.

१९०३ च्या सुमारास, कुंभकोणम येथे शिकत असताना, जॉर्ज कार या इंग्रज लेखकाचा एक संग्रहग्रंथ रामानुजन यांच्या हाती पडला. त्यात हजारो सिद्धान्त होते. सिद्धता बहुधा नव्हत्या, असल्या तर त्रोटक. त्या सिद्धता या मुलाने स्वतः शोधल्या आणि त्या शोधात नवे सिद्धान्तही त्याला गवसले. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने शिष्यवृत्ती गेली. १९०७ मध्ये परीक्षेत पुन्हा अपयश आले. साच्यात न बसणाऱ्या बुद्धीला शिक्षणव्यवस्था कशी बाहेर टाकते, याचा हा दाखला आहे आणि तो कोणी नाकारू नये.

परंतु या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. कार हा खासगी शिकवण्या करणारा शिक्षक होता आणि त्याचा ग्रंथ त्या शिकवणीतूनच घडला होता. म्हणजे या एकलव्यासमोरची मूर्तीही एका शिक्षकाचीच होती. पुढे १९११ मध्ये रामानुजन यांचा पहिला निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला, तोही संपादकांनी स्पष्टतेसाठी परत पाठवल्यानंतर. १९१२ मध्ये ते मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले. तेथील मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. ते या कारकुनाबरोबर पाटीवर गणिते मांडीत बसत. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र गेले. त्यातील अनेक सूत्रांनी हार्डी थक्क झाले. पण मूळ संख्यांविषयीची काही विधाने चुकीची होती. त्यांसाठी लागणारी गणिताची एक संपूर्ण शाखाच रामानुजन यांना अपरिचित होती. एकट्याने चालणाऱ्याला रस्ता चुकल्याचे सांगणारे कोणी भेटत नाही, ते हे असे.

१९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते, हा प्रश्न दिसावयास सोपा. ४ ही संख्या पाच प्रकारे मांडता येते. २०० साठी मात्र हे प्रकार ३ लाख ९७ हजार कोटींहून अधिक भरतात. ही गणती करणारे १९१८ मधील सूत्र हार्डी आणि रामानुजन या दोघांच्या नावे आहे. एकाची प्रतिभा आणि दुसऱ्याची शिस्त एकत्र आली, तेव्हाच ते साधले.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पदवीधर. पुढील संशोधन मात्र त्यांनी एकट्याने केले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि तीच क्रिया पुन्हा करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. वर्गाने दिलेले साधन आणि एकांतात घडलेला शोध, यांत येथे वैर नव्हते.

तेव्हा प्रश्न जागेचा नसून कृतीचा आहे. शिक्षकाने फळ्यावर रीत लिहावी, विद्यार्थ्याने उतरवून घ्यावी, परीक्षेत आकडे बदलून तेच विचारावे, हे वर्गातले शिक्षण नव्हे. मोबाईलवरचे व्याख्यान ऐकून मान डोलावणे हेही स्वयंअध्ययन नव्हे. ती तीच नक्कल, फक्त घरी बसून केलेली. पुस्तक मिटल्यावर कोऱ्या कागदावर जी झटापट सुरू होते, तीच स्वयंअध्ययन होय. आणि त्या झटापटीनंतर "हे कशावरून?" असे कोणीतरी विचारणे, हेच वर्गाचे खरे कार्य होय.

शिक्षकांनी रोजच्या तासातील दहा मिनिटे, रीत न सांगता, एका प्रश्नाला द्यावीत. अभ्यासक्रम पुरा होणार नाही ही भीती साधार आहे. पण न समजता पुरा झालेला अभ्यासक्रम परीक्षेनंतर कितीसा उरतो? महाविद्यालयांनी आठवड्यातून एक सायंकाळ, कचेरीतून सुटलेल्या कारकुनासाठी आणि एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, गणित विभागाचे दार उघडे ठेवावे. याला इमारत लागत नाही की अनुदान. एक फळा आणि एक ऐकणारा शिक्षक पुरे. रामानुजन यांना पत्राचे उत्तर मिळाले म्हणून जगाला ते कळले. अशी किती पत्रे अनुत्तरित राहिली असतील, याचा हिशेब कोणत्याच निकालपत्रकात सापडणार नाही.