नाकावरची पुळी

हरमलच्या किनाऱ्यावर सायंकाळी समुद्राची गाज ऐकत बसलो असता एक जुना प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो. तो आजवर लिहिला नाही, कारण त्यात चूक आमची होती.

शिमग्याचे दिवस होते. रापणकाराच्या घरातील, नववीत शिकणारा एक मुलगा वर्गात डोके धरून बसला होता. नाकावर आलेली पुळी त्याने आरशासमोर टाचणीने फोडली होती. आता उजवी पापणी सुजली होती. आम्ही दुरूनच पाहिले आणि म्हणालो, "डोळे आलेले दिसतात. घरी जा बाबा, वर्गात साथ नको." मुख्याध्यापकाचा शब्द घरच्यांनी प्रमाण मानला. दुसऱ्या दिवशी ताप चढला, डोळा खोबणीतून पुढे आला, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. तेव्हा कोठे चोपड्याचा पूल ओलांडून, म्हापशावरून त्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आले. तेथील व्हरांड्यात त्याचे वडील एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही डोळे आले म्हणालात, म्हणून थांबलो."

या व्याधीला डॉक्टर 'कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस' म्हणतात. मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या दोहों बाजूंस, अशुद्ध रक्ताची दोन कोटरे आहेत. डोळा हलविणाऱ्या मज्जातंतूंची वाट त्यांतूनच जाते. नाक व वरचा ओठ यांच्या शिरा डोळ्यांमागच्या शिरांतून या कोटरांशी जोडलेल्या असून त्यांतील रक्त उलटही वाहू शकते. म्हणूनच नाकाच्या मुळापासून ओठाच्या दोन कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातील पुळी पिळली, तर तिच्यातील जंतू आत शिरून तेथे रक्त गोठवू शकतात. कपाळामागील व नाकामागील पोकळ्यांचा दाह, किडलेली दाढ, क्वचित कानाचा पू, हीही कारणे असतात. मधुमेही माणसास बुरशीचाही धोका असतो. 2021 साली कोविडनंतर महाराष्ट्रात आणि देशभर पसरलेली 'काळी बुरशी' नाकातून डोळ्यांकडे व पुढे याच कोटरांपर्यंत पोहोचत असे.

मग डोळे आल्याहून हे वेगळे ओळखावे कसे? डोळे आले तर ते लाल होतात, चिकटतात. पण दृष्टी शाबूत असते आणि डोळा सर्व दिशांना फिरतो. येथे मात्र तीव्र डोकेदुखी, थंडीताप, पुढे आलेला डोळा व बाहेरच्या बाजूस न वळणारी नजर ही लक्षणे दिसतात. दोन्ही कोटरे परस्परांशी जोडलेली असल्याने एक-दोन दिवसांत दुसराही डोळा सुजू लागतो. रक्ततपासणी आणि शिरांत रंगद्रव्य सोडून केलेले सीटी वा एमआरआय चित्रण यांनी निदान पक्के होते.

उपचारात विलंब चालत नाही. शिरेतून प्रतिजैविके तीन-चार आठवडे द्यावी लागतात. पू कोठे साठला असेल तर शस्त्रक्रियेने काढावा लागतो. रक्त पातळ करणारे औषध कोणास द्यावे, हे तज्ज्ञ प्रत्येक रोग्यापुरते ठरवितात.

पेनिसिलीनपूर्व काळी या व्याधीतून जवळजवळ कोणी वाचत नसे. 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे ॲल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला, चेहऱ्यावरील जंतुसंसर्गाने एक डोळा गमावल्यावर, पेनिसिलीन टोचले गेले. तो सुधारू लागला. पण औषधाचा साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. तेच औषध बनविण्यासाठी 1954 साली आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. आज औषध आहे. उणीव आहे ती वेळेवर ओळखण्याची.

तो मुलगा वाचला. आज तो वडिलांबरोबर रापण ओढतो. उजवी नजर मात्र किंचित तिरळी राहिली आहे. वाटेत भेटला की तो आदराने "नमस्कार सर" म्हणतो, आणि आमची मान खाली जाते.

वाचकहो, आपण बडोद्यास असा, इंदुरास असा वा बेळगावास, घरातील तरुण मुलांना एवढे सांगा : चेहऱ्यावरची पुळी पिळू नका, टोचू नका. आणि तापासह डोळा सुजला तर शेजाऱ्याचे, शिक्षकाचे मत घेत बसू नका. त्याच घटकेला इस्पितळ गाठा.