आधी डक्ट दाखवा

‘बँकेनं लोन मंजूर केलंय ना, मग बिल्डिंग चांगलीच असणार.’ हे वाक्य या आठवड्यात आधी एजंटच्या तोंडून ऐकलं, मग भाचीच्या सासऱ्यांच्या, आणि शेवटी खुद्द भाचीच्या. तेव्हापासून मला राग येतोय आणि काळजीही वाटतेय. भाची आणि जावई डोंबिवली पूर्वेला रीसेलचा फ्लॅट घेताहेत. तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, त्यातला तिसरा मजला, बांधकाम १९९०च्या आसपासचं. स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, भाजी मंडई खालीच. वास्तुशास्त्रवाल्यांना दाखवून झालं होतं. वकिलांनी जुने करार, शेअर सर्टिफिकेट, सर्च रिपोर्ट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं तपासलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला कुठला ग्रॅनाइट लावायचा हेही ठरलं होतं. ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हा ओटा असणार, ती इमारत मात्र कुणीच पाहिली नव्हती.

बँकेचा व्हॅल्युअर येतो तो बँकेसाठी येतो. क्षेत्रफळ मोजतो, मंजूर नकाशाशी ताडून पाहतो, आजूबाजूचा भाव लिहितो आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य बहुतेक वेळा बांधकामाच्या वर्षावरून काढतो. उद्या हप्ते थकले तर कर्ज वसूल होईल का, एवढंच बँकेला हवं असतं. पिलरला हातोडी लावून पाहणं हे त्याचं काम नाही आणि त्यानं कधी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण त्याच्या नावावर चिकटवतो.

कायदा काय सांगतो ते एकदा लिहून टाकते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमानुसार ३० वर्षांनंतर इमारत मजबूत असल्याचं प्रमाणपत्र नोंदणीकृत इंजिनियरकडून घेऊन पालिकेला द्यावं लागतं. मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठीही तशीच तरतूद आहे. ऑडिटमधून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत राहूनही होण्याजोगी संरचनेची दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. म्हणजे भाचीच्या इमारतीचं ऑडिट झालेलं असायलाच हवं होतं. झालेलंही होतं. त्याचं पुढे सांगते.

ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनियरना घेऊन आम्ही गेलो. मी जुन्या घरांबद्दल लिहिते तेव्हा तब्येत तपासून घ्या म्हणते हे वाचकांना ठाऊक आहे, पण हे गृहस्थ तपासतात कसं ते जवळून पाहण्यासारखं होतं. एजंट थेट जिना चढायला निघाला, तर हे खालीच पार्किंगमध्ये थांबले. खिशातून छोटी हातोडी काढली आणि एकेका पिलरवर खालून वर ठोकत गेले. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो. तिसऱ्या पिलरला गुडघ्याच्या उंचीवर बद्द आवाज आला. तिथे नवा रंग होता, आणि रंगाखाली उभी, केसासारखी बारीक भेग. ‘ताई, ही आडवी-तिडवी असती तर मी एवढं मनावर घेतलं नसतं,’ ते म्हणाले, ‘गिलाव्याला तडे जातातच. ही सळईच्या रेषेत गेलीये.’

मग गच्ची, मग पाण्याच्या टाकीखालचे बीम, मग तळमजल्यावरची दुकानं. दुकानदाराला त्यांनी एवढंच विचारलं की मधली भिंत कधी काढली. हा प्रश्न साधा नाही. २०१७ साली घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर फेरफाराचं काम चाललं होतं. वरच्या मजल्यावर घर घेणारा तळमजल्यावर काय तोडलंय हे विचारतच नाही, कारण तो ‘त्यांचा’ गाळा असतो. आणि नवी इमारत म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन पडली तेव्हा तिला दहा वर्षंही झाली नव्हती. तिथे १६ जणांचा जीव गेला.

फ्लॅट त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिला. दिवाळीनंतरचे दिवस, नुकताच रंग दिलेला, हॉलला पीओपीची नक्षी, बाथरूमला फॉल्स सीलिंग. विकायच्या आधी घर रंगवू नये असं मी म्हणणार नाही. पण बाथरूमचं फॉल्स सीलिंग पाहिलं की एक फळी सरकवून वर पाहायलाच हवं. एजंट ‘मॅडम, कशाला, नवीन आहे’ म्हणत राहिला. जावयानं स्टुलावर चढून फळी सरकवली आणि मोबाइलचा टॉर्च वर धरला. वरच्या बाथरूमच्या स्लॅबचा खालचा भाग दिसला. हातभर जागेत काँक्रीट गळून पडलेलं, भोवती पांढरे खार फुटलेले, आणि उघड्या सळईला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेले. बोट लावलं तर तपकिरी भुगा हाताला आला. भाची काही बोलली नाही.

हे का होतं ते इंजिनियरनी तिथेच समजावलं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साडेबाराच्या वर. तेवढ्या सामूत सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, सामू नऊच्या खाली येतो, तो थर जातो. वर सतत ओल मिळाली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. खाडीची रेती न धुता वापरलेली असेल तर तिच्यातलं मीठ हे काम आणखी लवकर करतं. फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला की जिवंत काँक्रीट गडद गुलाबी होतं आणि मेलेलं होतं तसंच राहतं. सळईपर्यंत गुलाबी दिसत नसेल तर वरून कितीही पुट्टी आणि रंग चढवा, आतलं काम चालूच राहणार.

पण ही ओल येत कुठून होती? तेव्हा ते म्हणाले, ‘आता डक्ट दाखवा.’ आणि डक्टची किल्ली सापडेना.

डक्टबद्दल मला खरं तर वेगळं सदर लिहायचं होतं, पण आता आलंच आहे तर इथेच लिहिते. आपल्या इमारतींच्या पाठीमागे किंवा पोटात ती अरुंद, अंधारी पोकळी असते. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या तिच्यात उघडतात आणि सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप तिच्यातून खाली जातात. पाहुणे तिथे जात नाहीत, रंगारी जात नाही, कमिटीही जात नाही. कुणी घराचं नूतनीकरण केलं की फुटक्या टाइलचा राडारोडा तिथे टाकतात. एखादा जोड सुटतो, पाणी भिंतीवरून वाहतं, शेवाळ चढतं, कावळ्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. दोन पावसाळ्यांत मूळ विटांच्या सांध्यात शिरतं. किल्ली शेवटी वॉचमनच्या टेबलाच्या खणात मिळाली. दार उघडलं तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर मनगटाएवढ्या खोडाचा पिंपळ होता आणि चौथ्या मजल्याच्या पाइपातून धार सरळ भिंतीवर पडत होती. ती किती वर्षं पडतेय हे कुणी सांगू शकलं नाही.

मला चीड येते ती या धारेपेक्षा तिच्याभोवतीच्या भांडणाची. उपविधी तसे स्पष्ट आहेत. गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, सगळ्यांचे म्हणून असलेले पाइप यांचा खर्च सोसायटीचा. संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याची. एवढं असूनही खालचा वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा ‘माझ्याकडे कोरडंच आहे’ म्हणतो, सेक्रेटरी दोघांना पत्रं लिहितो, आणि पाणी आपलं काम करत राहतं. तीन घरांनी मिळून एका पाइपाचा जोड बदलायचा असतो. त्याऐवजी वीस वर्षं शेजार तुटतो आणि स्लॅब सडतो. माणसं जिन्यात एकमेकांकडे न पाहता उतरतात, त्यांची मुलं एकत्र खेळायची थांबतात, आणि त्या ओलीखाली कुणाची तरी म्हातारी आई झोपलेली असते.

त्यात आता रिडेव्हलपमेंट. ‘बिल्डरशी बोलणं चालू आहे, मग आता कशाला खर्च करायचा?’ हे मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुण्यात कुठल्याही सभेत ऐकायला मिळतं. बोलणं चालू राहतं, कमिट्या बदलतात, ५१ टक्क्यांची संमती जमता जमत नाही, आणि दुरुस्ती दर वर्षी पुढे ढकलली जाते. एजंट मात्र त्याच आशेवर भाव वाढवून सांगतो. म्हणजे जी इमारत पडायला आली म्हणून पाडायची, तिच्यासाठीच जास्त पैसे मोजायचे. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल. तोवर त्या स्लॅबखाली रोज अंघोळ करायची आहे का, हे घेणाऱ्यानं स्वतःला स्पष्ट विचारायला हवं.

आता ऑडिटचं. सेक्रेटरी वयस्कर आहेत, सज्जन आहेत, चहाही पाजला. पण अहवाल मागितल्यावर म्हणाले, ‘तो आम्ही फक्त मेंबरांना दाखवतो. बाहेर गेला तर भाव पडतो, सगळेच नाराज होतील.’ पन्नास-साठ लाख रुपये देऊन जो मेंबर होणार आहे, त्याला मेंबर झाल्यावर कळणार की आपण काय घेतलं! विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि ती आजची नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५व्या कलमात लिहिलंय की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नाही, तो विकणाऱ्यानं उघड केला पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या आडचा स्लॅब यात बसतो असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या घराला रेरामुळे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बिल्डरकडून दोष दुरुस्त करून घेता येतात. तीस वर्षांच्या घराला तसं कुणीही बांधील नसतं. तिथे टोकन देण्याआधी पाहिलं तेवढंच आपलं.

अहवाल मिळाला तर शेवटचं पान वाचून तो मिटू नका. शेवटी बहुधा ‘दुरुस्तीची शिफारस’ असंच काहीतरी मोघम असतं. मधले तक्ते पाहा. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून लहरीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर ते चांगलं मानतात, तीनच्या खाली संशयास्पद. कुठल्या पिलरचे आकडे खाली आहेत ते आराखड्यावर शोधा. शिफारस केलेली दुरुस्ती झाली का, बिलं आहेत का, हे खजिनदारांना विचारा. झालेली नसेल तर ती पुढे होईल आणि फ्लॅटमागची वर्गणी तुमच्या नावावर येईल. ती घराच्या किमतीतून आत्ताच वजा करायला मागा. आणि सोसायटीचा अहवाल जुना असेल तर स्वतःचा इंजिनियर न्या. त्याची फी एजंटच्या दलालीपुढे आणि स्टॅम्प ड्युटीपुढे फार लहान असते, तरी नेमकी तीच वाचवायचा मोह लोकांना होतो.

भाचीनं टोकन थांबवलंय. घर विकणारे काका सरळ माणूस आहेत. वरचा स्लॅब असा झालाय हे त्यांनाही पहिल्यांदाच दिसलं, आणि मेंबर म्हणून त्यांनीच आता सोसायटीकडे अहवालाची प्रत लेखी मागितली आहे. व्यवहार पुढे जाईल की नाही हे त्या प्रतीवर ठरेल.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. मी दोन विषय लेखी दिले आहेत आणि सेक्रेटरींनी ते पत्रिकेवर घेतले आहेत. पहिला, ऑडिट अहवालाचा सारांश आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीची यादी नोटीस बोर्डवर लावायची, आणि घर विकणाऱ्या सभासदानं मागितल्यास पूर्ण प्रत घेणाऱ्याला द्यायची. भाव पडतील म्हणून विरोध होणार हे मला माहीत आहे. मी बोलणार आहे की ज्या इमारतीचा कागद उघडा आहे तिच्यावर लोक जास्त विश्वास ठेवतील. दुसरा विषय डक्टचा. आमच्याकडेही दोन पिंपळ आहेत. नुसते छाटले तर ते पुन्हा फुटतात आणि जोरात उपटले तर भिंतीच्या विटा निखळतात. मुळापासून काढून तिथली भिंत नीट भरून घेणारा माणूस कुणाच्या माहितीत असेल, तर वाचकांनी शनिवारपर्यंत कळवावं.